वासावरून मीठ

पमावहिनी गेली त्याला आता वर्ष होत आलं. मागच्या थंडीत गेली. गल्लीत कोणी फार रडलं नाही, मीही नाही. पण परवा नातवानं पुण्याहून एक डबी आणली, आत चॉकलेटचे गोळे, झाकणावर संत्र्याचं चित्र. मी एक तोंडात टाकला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "ढोराले टाका." सून दचकली. म्हटलं, मी नाही गं बोलले, ती बोलली.

देऊळगाव राजात आमची पिठाची गिरणी आणि तिचं घर यांच्यात एकच भिंत. प्रमिला तिचं नाव, माझ्या यजमानांच्या मित्राची बायको, म्हणून मी वहिनी म्हणायची. ती मला "गिरणीवाले" म्हणायची, शेवटपर्यंत. माणसांना त्यांच्या नावानं हाक मारायची तिला सवयच नव्हती. वाळकी बाई, बारीक पाठ, कडक इस्त्रीचं सुती लुगडं, आणि नाक असं सरळ की चमकी त्यावर टाचणीसारखी दिसायची. ते नाक म्हणजे आमच्या गल्लीचं न्यायालय होतं.

नैवेद्य चाखता येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. देवाच्या आधी जीभ लावली की ते उष्टं. मग मीठ बरोबर पडलंय की नाही हे कसं कळायचं? दुसरीकडे बायका अंदाजानं घालतात आणि हात जोडतात. वासही घेऊ नये म्हणणारे असतात, पण आमच्या गल्लीत पमावहिनीला बोलावणं जायचं. ती यायची, पातेल्यावरचं झाकण उचलायला लावायची, स्वतः हात लावायची नाही, वाफेवर मान वाकवून डोळे मिटायची आणि सांगायची, "मीठ कमी," किंवा "हळद कच्ची," किंवा "आमसूल जुनं." पुढे प्रसाद वाढल्यावर बघावं तर तसंच. मी स्वतः किती वेळा पडताळून पाहिलं. वासावरून मीठ ओळखणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

तिचे शेरे ठरलेले होते. उत्तम असलं तर "जमलं." बरं असलं तर "चालन." आणि बाकी सगळ्याला "ढोराले टाका." "जमलं" हा शब्द तिच्या तोंडून ऐकलेल्या बायका हाताच्या बोटांवर मोजाव्यात, आणि त्या तो शब्द दागिन्यासारखा मिरवायच्या. माझ्या शेवयांना एकदा मिळाला होता. मी अजून सांगते की नाही, बघा.

जीभ मात्र दयामाया नसलेली. आमच्या मागच्या घरातली सुनंदा, तिचा नवरा ऐन उमेदीत गेला. तेरवीला पन्नास माणूस जेवायला. कढीचा घास घेतला पमावहिनीनं आणि समोर बसलेल्या सुनंदेला म्हणाली, "मानूस गेला तं गेला. फोडणी कायले जाळली?" पंगत खाली मान घालून जेवत राहिली. सुनंदा उठून आत गेली. मी नंतर बोलले, "वहिनी, आजचा दिवस तरी." तर म्हणते, "मंग? कढी काय रडून चांगली होते?"

अशा बाईच्या घरी ज्योती सून म्हणून आली. जानेफळची पोर, मेहकरकडची, बापाची थोडी शेती, आई लवकर गेलेली. गोल चेहरा, बोलायला हळू, आणि हाताला कामाची चांगली सवय. आल्या वर्षीच्या महालक्ष्म्या. पमावहिनी म्हणाली, यंदा सगळं सूनबाई करन. त्या पोरीनं पहाटेपासून आंबील, कथली, पुरण, सोळा भाज्या, सगळं एकटीनं रांधलं. आम्ही बायका आरतीला जमलेलो. पमावहिनी एकेका पातेल्यावर वाकली. शेवटच्या पातेल्यावरून मान वर काढली आणि सगळ्यांदेखत म्हणाली,

"ए जानेफळ, तुह्या गावात मीठ इकत भेटत नाही काय?"

बायका हसल्या. मला खोटं सांगायचं नाही, हसू येण्यासारखंच बोलली होती. मग म्हणाली, "हे गाईले वाढ. लक्ष्म्यायले मी करते." आणि खरंच पदर खोचून नव्यानं चूल पेटवली. ज्योतीनं पहाटेपासून केलेलं सगळं टोपल्यात भरून गाईपुढे नेऊन ठेवलं. स्वतःच्या हातानं. त्या दिवसापासून तिचं नाव जानेफळ पडलं. "जानेफळ, च्या ठेव." "जानेफळ, पाव्हणे आलेत." तिचं खरं नाव काय हे शेजारच्या लहान मुलांना माहीतही नव्हतं.

दळण घेऊन यायची तेव्हा गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात मनातलं बोलायची, तेवढीच जागा होती तिला. एकदा म्हणाली, "काकू, एकदा 'जमलं' म्हणल्या ना त्या, बस. मले दुसरं काही नको. ना साडी, ना माहेर."

मला वाटलं, नवी आहे, विसरेल. नाही विसरली. पोरगी झाली, प्राची, ती शाळेत गेली, कॉलेजात गेली, आणि ही अजून त्या एका शब्दासाठी ताट पुढं करायची. कुरडया, सांडगे, लोणचं, धिरडी. कधी "चालन," कधी "ढोराले टाका." मी एकदा पमावहिनीला ओट्यावर गाठलं. म्हटलं, "म्हणून टाक ना गं एकदा. तुझं काय जाते?"

ती वाती वळत होती. वळत वळतच म्हणाली, "म्हटलं की मंग ती मले कायले इचारन?"

एवढं खरं ती माझ्याशी दुसऱ्यांदा कधी बोलली नाही.

आता ते चॉकलेटचं. पमावहिनीचं माहेर सोनाळा, पार तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी. भावाची संत्र्याची बाग. दर बहाराला एसटीच्या टपावरून क्रेट यायचं, आणि ती ते उघडायच्या आधी फटीतून वास घेऊन सांगायची, "वरच्या अंगाच्या झाडायचे हाय, विहिरीजवळचे नाही." तर प्राची नववीत असेल तेव्हा तिनं आजीला फोनवर कुठल्याशा बाईचे चॉकलेटचे गोळे दाखवले, ट्रफल म्हणतात त्याला. आजी म्हणाली, "हे तं मातीचे गोळे. इच्यात रस बी टाकला नाही." प्राची म्हणाली, रस टाकला तर चॉकलेट फाटते, आजी. झालं. पमावहिनीला एखादी गोष्ट होत नाही असं कोणी म्हटलं की संपलं.

चार-सहा वेळा बिघडलं. खरंच फाटलं चॉकलेट, रेतीसारखं झालं, ते सगळं ज्योतीला खावं लागलं. पण मग तिनं रसाऐवजी साल घेतली आणि जे जमलं ते असं जमलं की जालन्याहून लोक विचारत यायचे. मी कितीदा पाहिलंय, तसंच सांगते. जालन्याच्या बेकरी-सामानाच्या दुकानातून कडू चॉकलेटची लादी आणायची. ती विळीवर चिरायची, सुपारीसारखी बारीक. म्हशीच्या दुधाची ताजी साय फेटून गाळून घ्यायची. संत्र्याची साल बारीक खिसणीवर अशी फिरवायची की वरचं केशरी तेवढं यावं, खालच्या पांढऱ्याला खिसणीचा स्पर्श नको, तिथं कडवटपणा बसलेला असतो. तो खीस कोमट सायीत टाकून झाकून ठेवायचा. आणि इथंच तिची कारागिरी. खीस किती, हे तिनं कधी मोजलं नाही. झाकण काढून वास घ्यायची, आणखी चिमूट टाकायची, पुन्हा वास, पुन्हा चिमूट. "नाकाले पोचलं की थांबाचं," म्हणायची. मग साय गाळून, कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून चॉकलेटवर ओतायची आणि हलवायची नाही. चॉकलेटला आपणहून शरण येऊ द्यायचं, मग मधोमध चमचा फिरवायचा. फ्रिजमध्ये आळलं की वळायला घ्यायचं, पण आमच्याकडच्या हवेत तळहाताला लागलं की विरघळतं. त्यासाठी ती दोन्ही तळवे ओल्या माठाला लावून उभी राहायची, देवाला टेकल्यासारखी. मग पदरानं कोरडे करायची, कारण थेंबभर पाणी लागलं तरी गोळा बिघडतो, आणि भराभर चार-पाच वळून पुन्हा माठाकडे. वरून कोकोची भुकटी.

संत्र्याचे, लिंबाचे, आणि आमच्याकडे मोसंबी भरपूर म्हणून मोसंबीचे. दिसायला तिन्ही सारखेच. रुखवतात तिच्या गोळ्यांचं ताट नसलं तर लग्न अपुरं वाटायला लागलं. आणि समारंभात तिचा एक खेळ ठरलेला. पदरानं डोळे बांधून घ्यायची, कोणीही कोणताही गोळा हातात द्यावा, ती नाकाशी नेऊन, तोंडात टाकून सांगायची, संत्रं, लिंबू, मोसंबी. संत्रं असलं तर बहारही सांगायची. पाहुणे टाळ्या वाजवायचे. ज्योती मागे ताट धरून उभी.

मग तो कोरोना आला. चैत्रात सगळं घर तापानं पडलं. सगळे बरे झाले, पमावहिनीही झाली. पंधरवड्यानं मी विचारपूस करायला गेले तर ती गॅसशेजारी पाटावर बसून गवार निवडत होती आणि दूध करपत होतं. नुसतं लागलं नव्हतं, धूर निघत होता, दारातून माझे डोळे चुरचुरले. आणि ती वासावरून मीठ सांगणारी बाई दोन हातांवर बसलेली.

"वहिनी, दूध."

तिनं मान वळवून पातेल्याकडे *बघितलं*. वास नाही घेतला. बघितलं. मग उठून गॅस बंद केला आणि माझं मनगट धरलं.

"गिरणीवाले, तू पीठ दळते तेवढंच दळ."

"वास काहीच येत नाही?"

"नाक बी नाही, जीभ बी नाही. लाकूड चावल्यावानी." जालन्याच्या डॉक्टरनं म्हटलं होतं, येईल हळूहळू. रोज सकाळी ती संत्र्याची साल नाकाशी धरून बसायची म्हणे, दार लावून. ज्योतीला पत्ता नव्हता. "कोनाले समजलं तं मले कोन बोलावन?" म्हणाली. आणि तिच्या आवाजात भीती होती. मी ती बाई घाबरलेली पहिल्यांदाच पाहत होते.

मी कोणाला बोलले नाही. बोलून काय करायचं होतं? पण भादव्यात महालक्ष्म्या आल्या आणि बोलावणी सुरू झाली. नाही म्हटलं असतं, अंगात कणकण आहे म्हटलं असतं, तर भागलं असतं. गेली. घराघरात गेली. वाफेवर वाकली, डोळे मिटले, आणि प्रत्येक घरी एकच निकाल दिला, "मीठ कमी." मला वाटतं तिनं विचार केला असेल, कमी म्हटलं की बाई चिमूटभर टाकणार, त्यानं काही बिघडत नाही. पण तिनं कमी म्हटल्यावर चिमूटभर कोण टाकतं? मुठीनं टाकलं बायकांनी.

त्या वर्षी आमच्या गल्लीतला सगळा प्रसाद खारट होता. पुरुष मुकाट पाणी प्यायले. आणि एकाही घरात कोणाच्या मनात आलं नाही की चूक पमावहिनीची असेल. प्रत्येक सासूला वाटलं, आपल्याच सुनेचा हात वाहवला. कितीतरी पोरींनी बोलणी खाल्ली त्या दिवशी. सुनंदेच्या जावेला तर जेवायलाच दिलं नाही म्हणे.

चॉकलेटचंही तेच. नाकाला पोचेपर्यंत खीस टाकायची सवय, आणि नाकाला काही पोचेना. टाकत सुटली. जोर लावून खिसायला लागली, पांढऱ्यापर्यंत. एका डोहाळजेवणात तिचे गोळे वाटले. कडूजहर. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, गिळला, आणि म्हणाल्या, "वहिनीच्या हाताले तोड नाही." एकटी ती पोटुशी पोर उठून मोरीकडे धावली. सगळ्या म्हणाल्या, डोहाळे कडक आहेत.

दुसऱ्या दिवशी ज्योती दळण घेऊन आली. गहू ओतला, आणि पट्टा सुरू व्हायच्या आधीच म्हणाली,

"काकू, लक्ष्म्यायच्या टाइमाले तुमच्या घरचं खारट झालं व्हतं काय?"

"झालं होतं थोडं."

"मीठ कमी हाय, कोन म्हणलं व्हतं?"

मी बटण दाबलं. गिरणी घरघरायला लागली. ज्योती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि मग ती हसली. एवढ्या वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. चांगलं हसू नव्हतं ते.

माघात प्राचीचा साखरपुडा ठरला. चिखलीचे लोक, शिकलेले, मुलगा बँकेत. घरात एकच गोष्ट पक्की, गोळे आजी करणार. व्याहीणबाईंनी फोनवर मुद्दाम सांगितलं होतं की या गोळ्यांचं फार ऐकलंय. सोनाळ्याहून मृगबहाराचं क्रेट आलं. पमावहिनीनं स्वयंपाकघराचं दार आतून लावलं आणि दिवसभर खिसत बसली.

आदल्या दुपारी ज्योती माझ्याकडे आली. पदरात एक गोळा. "खा."

मी खाल्ला. कडुनिंबाचा पाला बरा. पाणी प्यायले, गूळ खाल्ला, तरी जाईना.

"सांग त्यांना," मी म्हटलं. "पोरीच्या सासरचे येऊन राहिलेत."

"त्या आयकतीन?" असं म्हणून तिनं पिशवीतून चॉकलेटची लादी काढली, संत्री काढली, साय काढली. "तुमचं सैपाकघर पाह्यजे, काकू. अन फ्रिज."

मी नुसतं बसून पाहिलं. ती विळीवर चिरायला लागली तेव्हाच मला कळलं की ही पोर मागे ताट धरून नुसती उभी नव्हती. खिसणी अशी चालवली की संत्र्यावर पांढरं उघडं पडलं नाही, फिक्कट केशरी राहिलं. सायीवर झाकण ठेवलं, काढलं, वास घेतला, चिमूट टाकली. पुन्हा. मग थांबली. त्याच क्षणाला माझ्याही नाकाला पोचलं होतं, पिठाच्या वासातूनही. माझ्या माठाला तिनं दोन्ही तळवे लावले आणि डोळे मिटून उभी राहिली. अगदी पमावहिनीसारखी.

थोडं चॉकलेट मात्र तिनं संत्रं लावायच्या आधीच बाजूला काढलं होतं. साध्या सायीत केलं, त्याचे वेगळे गोळे वळले.

"हे कोणाला?"

"असू द्या."

मी संत्र्याचा एक खाल्ला. खरं सांगते, पमावहिनीच्या हाताला चांगले दिवस होते तेव्हाही असा झाला नव्हता. आधी कडू, मग गोड, आणि गिळल्यानंतर कुठून तरी मागून संत्रं येतं. मी म्हटलं, "ज्योती, जमलं गं."

ती हात धूत होती. वळली नाही. "तुम्ही नका म्हणू, काकू. तुमचं म्हननं मले चालत नाही."

साखरपुड्याच्या दिवशी तिनं ताटं बदलली. कडू गोळे माझ्या फ्रिजमध्ये, तिचे गोळे ताटात. ओटी झाली, अंगठ्या झाल्या, मग ताट फिरलं. व्याहीणबाईंनी एक तोंडात टाकला आणि डोळेच मिटले. "आजी, आम्ही पुण्या-मुंबईचे खाल्ले, पण हे काही वेगळंच हाय." पुरुषांनी दुसरा उचलला, तिसरा उचलला. पमावहिनी खुर्चीत ताठ बसली होती, मोत्याची नथ घालून. ती कितीतरी महिन्यांनी सैल झाली. आपलं अजून चालतं, असं वाटलं असणार तिला. तिनं पेल्यातल्या पाण्यानं तोंड खळखळलं, जसं पूर्वी करायची, एक गोळा उचलला, सावकाश चघळला. सगळे तिच्याकडे पाहत होते. मान डोलावली.

"जमलं," म्हणाली.

ज्योती समोर ताट धरून उभी होती. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला पाहवलं नाही. ज्या शब्दासाठी तिनं जन्म काढला तो तिच्या गोळ्याला मिळाला होता. त्या बाईनं तो स्वतःच्या गोळ्याला दिला होता. आणि तिच्या जिभेला त्यातलं काही लागलंही नव्हतं.

ज्योती आत गेली. बाहेर आली तेव्हा छोट्या वाटीत तीन गोळे होते.

"आत्याबाई डोळे बांधून ओळखतात," सासूकडे हात करून ती व्याहीणबाईंना म्हणाली. "संत्रं कोन्तं, लिंबू कोन्तं, मोसंबी कोन्तं."

"राहू दे आता, जानेफळ. पाव्हणे बसेल हायत."

"पाव्हण्यायलेच तं दाखवाचं हाय."

पाहुणे म्हणाले, दाखवा दाखवा. ज्योतीनं स्वतःच्या हातानं सासूचा पदर तिच्या डोळ्यांवरून घेऊन मागे गाठ मारली. घट्ट मारली. पहिला गोळा हातात दिला. पमावहिनीनं तो नाकाशी नेला. किती वेळ नेला. मी देवाचं नाव घेत होते, कोणासाठी ते मलाच माहीत नाही.

"हे मोसंबी. आपल्याकडची." टाळ्या.

दुसरा. "लिंबू. कागदी." टाळ्या.

तिसरा हातात आल्यावर तिचा आवाज चढला. "अन हे माह्या सोनाळ्याचं. मृगाचं. विहिरीजवळच्या झाडायचं." व्याहीणबाई उठून पाया पडल्या तिच्या.

टाळ्या चालू होत्या तेवढ्यात ज्योती गाठ सोडायला वाकली. मी शेजारच्याच खुर्चीत, म्हणून मला ऐकू आलं. तिसऱ्या कोणाला नाही.

"तिन्हीत काहीच नव्हतं, आत्याबाई. अन ताटातले माहे व्हते."

पदर सुटला. पमावहिनी पाहुण्यांकडे पाहून हसत होती. तशीच हसत राहिली. बोटाला लागलेली कोकोची भुकटी रुमालानं पुसत होती, भुकटी निघून गेली तरी पुसत होती.

ज्योतीनं गल्लीत कोणाला सांगितलं नाही. तुम्हाला वाटेल, चांगुलपणा. नाही. सांगितलं असतं तर एक दिवस बोभाटा झाला असता आणि म्हातारी सुटली असती. तिनं ते स्वतःजवळ ठेवलं. बोलावणी येतच राहिली, आणि आता ज्योती सोबत जायची. पमावहिनी वाफेवर वाकायची, डोळे मिटायची, उघडायची, आणि आधी सुनेच्या तोंडाकडे बघायची. ज्योतीनं मान हलवली तर "कमी." नाही हलवली तर "बरोबर." कधी कधी ज्योती मुद्दाम छताकडे बघत उभी राहायची. तेव्हा त्या म्हातारीच्या कपाळाला घाम यायचा, मी पाहिलंय. मग ती काहीतरी अंदाजानं ठोकून द्यायची आणि घरी जाईपर्यंत सुनेचा हात धरून चालायची. लोक म्हणायचे, बघा, शेवटी सासू-सुनेचं किती जमलं.

मी ज्योतीला एकदा म्हटलं, "पुरे कर गं. म्हातारी झाली ती."

"मी काय करून राह्यली, काकू? खाऊच तं घालते."

मागच्या थंडीच्या सुरुवातीला मी म्हातारीला शेवटचं पाहिलं. ज्वारीचं पीठ द्यायला गेले होते. सोनाळ्याचं क्रेट आलेलं, आणि पमावहिनी ओट्यावर उन्हात बसली होती, खूप खंगलेली, नाक तेवढं उरलेलं. मांडीवर संत्रं. सोलून खात नव्हती. सालीचा तुकडा डोळ्याजवळ नेऊन दुमडत होती. सालीतून तो बारीक फवारा उडतो ना, तो डोळ्यात जात होता, आणि डोळ्यातून घळाघळा पाणी वाहत होतं. मी धावले. "वहिनी, काय करतेस?"

"लागते," म्हणाली. "डोळ्याले लागते अजून. तेवढंच समजते मले संत्र्याचं."

आतून ज्योती आली. हातात वाटी, वाटीत एक गोळा. तो कशाचा होता ते मला दोन हातांवरून कळलं. खिसून उरलेल्या पांढऱ्या सालीचा कडवट वास होता त्याला.

"ए सोनाळा," ज्योती म्हणाली, "आ करा."

पमावहिनीनं तोंड उघडलं. ज्योतीनं गोळा आत ठेवला आणि समोर उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर मला तीच पोर दिसली, पहिल्या महालक्ष्म्यांची, पहाटेपासून रांधून पातेल्यांशेजारी उभी असलेली. म्हातारीनं सावकाश चघळला. गिळला.

"जमलं," म्हणाली.

"परत म्हणा."

"जमलं, ज्योती. लई जमलं."

ज्योती थोडा वेळ थांबली. ऐकत असल्यासारखी. मग रिकामी वाटी उचलली.

"चालन," म्हणाली, आणि आत गेली.

पमावहिनीनं मांडीवरची साल पुन्हा डोळ्याशी नेली.